दाण्यातला कुलूपबंद फॉस्फरस

कोंबडीच्या तंगडीचे एक हाड घ्या. मांसाचा अंश काढून ते स्वच्छ धुवा, काचेच्या बरणीत ठेवा आणि बुडेल इतके व्हिनेगर ओता. दर दोन दिवसांनी व्हिनेगर बदलत जा. आठवडाभराने हाड बाहेर काढून वाकवून पाहा. ते मोडणार नाही, रबराच्या नळीसारखे वाकेल. आकार तोच, पण ताठपणा गेलेला. व्हिनेगरमधील आम्लाने हाडातील खनिज विरघळवून टाकले आणि मागे उरले ते प्रथिन.

हे विरघळलेले खनिज मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे संयुग असते. कॅल्शियमविषयी आपण पुष्कळ ऐकतो. दूध प्या, हाडे बळकट होतील, असे घरोघरी सांगितले जाते. फॉस्फरसची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही. हाडात साधारणपणे दोन भाग कॅल्शियममागे एक भाग फॉस्फरस असतो, आणि दोहोंपैकी एक जरी कमी पडला तरी हाड नीट बनत नाही.

आता ब्रॉयलर जातीच्या कोंबडीच्या पिल्लाचा विचार करा. अंड्यातून बाहेर पडते तेव्हा ते सुमारे ४० ग्रॅम वजनाचे असते. पाच-सहा आठवड्यांत ते दोन किलोंच्या पुढे जाते. एवढे वजन पेलणारा सांगाडा एवढ्या थोड्या दिवसांत उभा करायचा, म्हणजे फॉस्फरसचा पुरवठा भरपूर हवा. पिल्लाच्या खाद्यात प्रामुख्याने मका आणि सोयाबीनची पेंड असते. आपण या खाद्याचा जमाखर्च मांडून पाहू.

एक किलो खाद्यात ६०० ग्रॅम मका आणि ३०० ग्रॅम पेंड आहे असे समजा. मक्यातून सुमारे १.७ ग्रॅम आणि पेंडीतून सुमारे १.९ ग्रॅम, असा मिळून ३.६ ग्रॅम फॉस्फरस या खाद्यात येतो. पहिल्या आठवड्यांत पिल्लाला दर किलो खाद्यामागे सुमारे ४.५ ग्रॅम वापरण्याजोगा फॉस्फरस लागतो. म्हणजे तूट एका ग्रॅमच्याही आतली, असे वाटेल. पण ‘वापरण्याजोगा’ हा शब्द नीट वाचा. त्या ३.६ ग्रॅमपैकी सुमारे दोन-तृतीयांश, म्हणजे २.४ ग्रॅम फॉस्फरस, पिल्लाला जवळजवळ नसल्यासारखाच असतो. हाताशी राहतो फक्त १.२ ग्रॅम. तूट एका ग्रॅमची नव्हे, ३.३ ग्रॅमची आहे!

बियाण्याची तिजोरी

हा २.४ ग्रॅम फॉस्फरस जातो कुठे? तो कुठेच जात नाही. तो दाण्यातच असतो, पण कुलूप लावून ठेवलेला.

वनस्पती आपल्या बियांत फॉस्फरस साठवते तो फायटिक आम्लाच्या रूपात. या आम्लाच्या रेणूची रचना लक्षात ठेवायला सोपी आहे. मधोमध सहा कार्बन अणूंचे एक कडे असते. त्याचे नाव इनॉसिटॉल. या कड्याच्या प्रत्येक कार्बनला एकेक फॉस्फेट गट टांगलेला असतो. एक फॉस्फरस आणि त्याभोवती चार ऑक्सिजन, असा हा गट. किल्ल्यांच्या कड्यात सहा किल्ल्या अडकवाव्यात तसे हे चित्र दिसते. या रेणूच्या वजनाचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग नुसता फॉस्फरस असतो. थोड्या जागेत अधिक माल, असे हे कोठार आहे. मक्यात ते बहुतेक सगळे दाण्याच्या अंकुरात असते, तर गहू आणि तांदूळ यांत टरफलालगतच्या थरात. म्हणूनच भाताच्या कोंड्यात फायटिक आम्ल विपुल असते.

वनस्पतीने ही तिजोरी कोंबडीसाठी भरलेली नाही, आपल्या रोपासाठी भरलेली आहे. बी ओले होऊन रुजू लागले की त्यातच एक विकर, म्हणजे एंझाइम, तयार होऊ लागते. ते एकेक फॉस्फेट गट सोडवून कोवळ्या रोपाला पुरवते. फायटिक आम्ल फोडणाऱ्या या विकराला फायटेज म्हणतात. आपल्याकडे मटकीला मोड आणतात तेव्हा भांड्यावर बांधलेल्या त्या ओल्या फडक्याखाली हेच काम चालू असते. गव्हाच्या कोरड्या दाण्यातही थोडेबहुत फायटेज असते. मका आणि सोयाबीन यांत मात्र ते अगदीच नाममात्र, आणि नेमके हेच दोन पदार्थ कोंबडीच्या पुढ्यात असतात.

मग गाय काय करते? तीही मका खाते, पेंड खाते. परंतु रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पहिल्या मोठ्या पोटात असंख्य सूक्ष्मजीव राहतात. ते फायटेज तयार करतात आणि अन्न पुढे सरकण्यापूर्वीच फायटिक आम्ल फोडून टाकतात. गाईला ही सेवा फुकट मिळते. कोंबडी आणि डुक्कर यांच्याकडे असे पोट नाही. त्यांच्या आतड्याच्या अस्तरात थोडेसे फायटेज असते, पण वेगाने वाढणाऱ्या जनावराची गरज भागेल इतके नसते. त्यामुळे तिजोरी पोटात शिरते आणि बंदच्या बंद विष्ठेतून बाहेर पडते.

डुकरांच्या कातडीचे कोडे

गोष्ट एवढ्यावर थांबती तर बरे होते. फायटिक आम्ल आपला फॉस्फरस तर देत नाहीच, वर दुसऱ्यांचा मालही अडकवून ठेवते. त्याच्या सहा फॉस्फेट गटांवर ऋण विद्युतभार असतो. कॅल्शियम, जस्त, लोह यांचे आयन धन भाराचे. आतड्यात ही मंडळी एकमेकांना चिकटतात आणि न विरघळणारा साका तयार होतो. जे विरघळत नाही ते रक्तात शोषले जात नाही.

अमेरिकेत १९५० च्या सुमारास डुकरांमध्ये एक विचित्र रोग दिसू लागला. कातडी जाड होई, तिच्यावर खपल्या धरत, भेगा पडत, आणि जनावर खंगत जाई. खरूज असावी असे वाटे, पण खरजेचे किडे सापडत नसत. आणखी चमत्कारिक गोष्ट म्हणजे हाडे बळकट व्हावीत म्हणून खाद्यात चुनखडी वाढवली की रोग अधिकच बळावे. १९५५ साली अलाबामातील टकर आणि सॅमन या दोन शास्त्रज्ञांनी या कोड्याचे उत्तर दिले. खाद्यात किंचित जस्त मिसळताच डुकरे बरी झाली. जस्त खाद्यात मुळात नव्हते असे नाही, पण ते अडकून पडत होते. पुढे १९६० साली ओडेल आणि सॅव्हेज यांनी कोंबडीच्या पिल्लांवर प्रयोग करून अडकवणारा कोण ते दाखवून दिले. तो होता फायटिक आम्ल! वाढीव कॅल्शियम त्याला साथ देते, कारण कॅल्शियम, जस्त आणि फायटिक आम्ल यांचा एकत्र साका अधिक घट्ट बसतो.

हे केवळ जनावरांपुरते नाही. बिहारमधील बक्सरला जन्मलेले डॉक्टर आनंद प्रसाद इराणमध्ये काम करत असताना त्यांना वाढ खुंटलेले तरुण रुग्ण आढळले. त्यांचा आहार मुख्यतः न आंबवलेल्या रोटीचा होता. या रोगामागे जस्ताची उणीव असावी, असा तर्क त्यांनी १९६१ साली मांडला, आणि पुढे इजिप्तमधील रुग्णांवरील अभ्यासात त्याला पुरावा मिळाला. तोवर माणसाला जस्त कमी पडू शकते हे बहुतेक वैद्यकतज्ज्ञांना मान्यच नव्हते. आपल्याकडे डाळ-तांदूळ भिजवून आंबवण्याची आणि कडधान्यांना मोड आणण्याची जी चाल आहे, तिने फायटिक आम्ल काही प्रमाणात तरी कमी होते. ही चाल पाडणाऱ्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, हे सांगायला नको.

खडकातून नदीत

पण कोंबडीच्या ३.३ ग्रॅमच्या तुटीचे काय? कुक्कुटपालकांनी शोधलेला उपाय सरळ होता. बाहेरून फॉस्फरस विकत आणा आणि खाद्यात मिसळा. पूर्वी यासाठी हाडांची पूड वापरत. पुढे डायकॅल्शियम फॉस्फेट, ज्याला व्यवसायात नुसते डीसीपी म्हणतात, ते रूढ झाले. त्यात सुमारे १८ टक्के फॉस्फरस असतो. म्हणजे आपल्या हिशेबातली तूट भरायला दर किलो खाद्यात सुमारे १८ ग्रॅम, टनामागे १८ किलो डीसीपी लागले. ते प्रामुख्याने फॉस्फेटच्या खडकापासून बनते. जगातील या खडकाच्या ज्ञात साठ्यांपैकी फार मोठा वाटा मोरोक्को आणि पश्चिम सहारा या भागात आहे. भारतात राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा येथे खाण आहे, तरी आपल्याला हा खडक मोठ्या प्रमाणावर आयात करावा लागतो. लाखो वर्षांत साचलेला हा ठेवा पुन्हा लवकर साचणारा नाही.

जमेच्या बाजूला खडक आहे. आता खर्चाची बाजू पाहू. बंद तिजोरीतला फॉस्फरस विष्ठेतून जातो, आणि डीसीपीचाही न पचलेला भाग त्याच वाटेने जातो. थोडी कोंबडखताची रास असेल तर शेतकरी खूष होईल, कारण पिकाला फॉस्फरस हवाच असतो. पण रास नको तितकी मोठी झाली तर?

ही वेळ सर्वप्रथम तीव्रतेने आली ती नेदरलँड्सवर. १९८० च्या दशकाच्या अखेरीस या चिमुकल्या देशात सुमारे दीड कोटी माणसे होती आणि डुकरेही जवळजवळ तेवढीच. कोंबड्या आणि गाई निराळ्याच! एवढ्या जनावरांचे खाद्य देशात पिकणे शक्य नव्हते. सोयाबीन अमेरिका खंडातून आणि टॅपिओका थायलंडमधून रॉटरडॅमच्या बंदरात उतरे. म्हणजे ब्राझीलच्या मातीतला फॉस्फरस बोटीत बसून हॉलंडमध्ये येई, मांस होऊन थोडासा बाहेर जाई आणि बाकीचा खताच्या रूपाने तेथेच मुक्काम करी. दक्षिण आणि पूर्व भागातील रेताड जमिनींना तो पेलवेना. जास्तीचा फॉस्फरस पाण्यात उतरू लागला.

पाण्यात फॉस्फरस गेला तर बिघडते काय, हे समजण्यासाठी कॅनडातील एक प्रयोग पाहण्यासारखा आहे. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली ऑन्टॅरिओतील एक लहान सरोवर मधोमध पडदा लावून दुभागले. या सरोवराला नाव नाही, केवळ २२६ हा क्रमांक आहे. दोन्ही भागांत त्यांनी कार्बन आणि नायट्रोजन यांची संयुगे घातली, फॉस्फरस मात्र एकाच भागात घातला. काही आठवड्यांत तो भाग हिरव्या रंगाच्या डब्यासारखा दिसू लागला, तर पडद्यापलीकडचे पाणी काळेभोर स्वच्छ राहिले. विमानातून घेतलेले त्याचे छायाचित्र जगभर प्रसिद्ध झाले. फॉस्फरस मिळताच शैवाल बेसुमार वाढते. ते मरून कुजते तेव्हा पाण्यातील ऑक्सिजन संपतो आणि मासे गुदमरतात. प्रदूषणाविषयी पानेच्या पाने वाचण्यापेक्षा हे एक छायाचित्र पाहावे, असे मला वाटते.

नेदरलँड्सने १९८७ पासून शेतात घालायच्या खतावर मर्यादा घातली, आणि ती मोजायची कशात? तर खतातील फॉस्फेटमध्ये. डुकरे पाळणाऱ्यांपुढे दोनच वाटा उरल्या. एक, डुकरे कमी करणे. दुसरी, त्यांच्या पोटातले कुलूप उघडणे.

कांद्यावरच्या बुरशीचा नातेवाईक

किल्ली तशी जुनीच होती. भाताच्या कोंड्यात फायटिक आम्ल फोडणारे विकर आहे, हे जपानचे उमेतारो सुझुकी आणि त्यांचे सहकारी यांनी १९०७ सालीच दाखवून दिले होते. (पुढे तीन वर्षांनी याच सुझुकींनी त्याच कोंड्यातून बेरीबेरी बरी करणारा पदार्थ, म्हणजे ब१ जीवनसत्त्व वेगळे काढले. एका कोंड्याने एका माणसाला किती द्यावे!) पण कोंड्यातून विकर काढून कोंबड्यांना चारणे परवडणारे नव्हते. ते भरपूर आणि स्वस्तात तयार करणारा कोणीतरी हवा होता.

१९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील एका कंपनीच्या प्रयोगशाळेत शीह आणि वेअर यांनी असा कारागीर शोधायला सुरुवात केली. त्यांनी दोन हजारांहून अधिक सूक्ष्मजीव तपासले. १९६८ साली त्यांनी निकाल प्रसिद्ध केला, आणि पहिला नंबर लागला तो ॲस्परजिलस गोत्रातील एका काळ्या बुरशीचा. साठवणीतल्या कांद्याची वरची साल काढली की आत काजळीसारखी काळी पूड दिसते ना? त्याच जातकुळीतली ही बुरशी. १९७१ साली नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बुरशीचे विकर पिल्लांच्या खाद्यात मिसळले. पिल्लांच्या हाडांची राख करून तोलली, तेव्हा खनिजाचे प्रमाण वाढलेले आढळले. कुलूप उघडले होते! गंमत अशी की ही कंपनी स्वतः खनिज फॉस्फेट विकणारी होती.

तरीही पुढची वीस वर्षे हा शोध कपाटातच राहिला, कारण खडक स्वस्त होता आणि विकर महाग. विज्ञानात शोध लागणे आणि तो वापरात येणे यांत अनेकदा असे अंतर पडते, आणि ते तोडायला शहाणपणापेक्षा अडचण उपयोगी पडते. नेदरलँड्सच्या खताच्या कायद्याने ती अडचण निर्माण केली. तेथील शास्त्रज्ञांनी फायटेजचे जनुक काळ्या बुरशीतून वेगळे केले आणि त्याच्या अनेक प्रती बुरशीच्या पेशीत घालून तिला पूर्वीच्या कितीतरी पट विकर तयार करायला लावले. १९९० साली सायमन्स आणि सहकाऱ्यांनी कोंबड्या व डुकरे यांच्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. १९९१ साली फायटेज बाजारात आले. २००१ पासून युरोपात गाईंच्या मेंदूच्या रोगाच्या भीतीने पशुखाद्यात मांस व हाडांची पूड घालायला बंदी झाली, तेव्हा फॉस्फरसचा तोही मार्ग बंद झाला आणि फायटेजची मागणी आणखी वाढली. आज भारतातही ते खाद्यात सर्रास वापरले जाते.

त्याची मात्रा पाहून आश्चर्य वाटते. विकराचे मोजमाप वजनावर नव्हे, कामावर करतात. ठरावीक परिस्थितीत एका मिनिटात एक मायक्रोमोल फॉस्फेट सोडवणारे विकर म्हणजे एक एकक. दर किलो खाद्याला साधारण ५०० एकके देतात. बाजारातील एका सामान्य तीव्रतेच्या चूर्णाचे हे प्रमाण टनाला अवघे १०० ग्रॅम पडते. विकर स्वतः खर्ची पडत नाही, एक रेणू फोडून पुढच्याकडे वळते, म्हणून एवढेसे पुरते. त्यातून दर किलो खाद्यामागे एक ते दीड ग्रॅम फॉस्फरस मोकळा होतो, आणि टनामागे साडेपाच ते आठ किलो डीसीपी वाचते. सोबत अडकलेले जस्त आणि कॅल्शियमही सुटते. सहापैकी दोन-तीन फॉस्फेट गट गळाले की रेणूची पकड सैल होतेच. कड्यावरचा शेवटचा, सहावा गट मात्र बहुतेक फायटेजना सोडवता येत नाही.

या विकराला काम करायला वेळ फार थोडा मिळतो. कोंबडीने टिपलेला दाणा आधी मानेच्या बुडाशी असलेल्या पिशवीत भिजतो, मग जठररस मिसळून पेषणीत भरडला जातो. येथपर्यंत वातावरण आम्लधर्मी असते, फायटिक आम्ल विरघळलेले असते आणि विकराच्या तावडीत सापडते. पुढे आतड्यात आम्लता उतरली की फायटिक आम्ल कॅल्शियमला मिठी मारून साक्याच्या रूपात बसते, आणि मग विकराला त्याच्या जवळही जाता येत नाही. यामुळेच खाद्यात गरजेपेक्षा जास्त चुनखडी पडली की फायटेजचा गुण कमी येतो. अंड्यावरच्या कोंबडीला कवचासाठी रोज सुमारे चार ग्रॅम कॅल्शियम द्यावेच लागते, तेथे हा तोल सांभाळणे विशेष अवघड जाते.

दुसरी अडचण उष्णतेची. विकर हे प्रथिन आहे, आणि तापवले की प्रथिनाचे काय होते हे उकडलेल्या अंड्यात दिसते. खाद्याच्या गोळ्या बनवताना त्याला वाफेने ८०–९० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. त्यात पहिली फायटेज निकामी होत. मग कोणी गोळ्या थंड झाल्यावर विकराचे द्रावण फवारू लागले, कोणी विकराच्या कणांवर संरक्षक लेप दिला, तर कोणी उष्णता सोसणारे प्रकार घडवले. एश्चेरिशिया कोलाय या आतड्यातील जिवाणूचे फायटेजही पुढे वापरात आले. पोटातील आम्लात ते बुरशीच्या विकरापेक्षा सरस ठरले.

याच जिवाणूच्या जनुकाने एक धाडसी कल्पना सुचवली. विकर खाद्यात घालण्यापेक्षा डुकरानेच ते तयार केले तर? कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात अशी डुकरे तयार करण्यात आली. त्यांच्या लाळेतच फायटेज पाझरे, आणि त्यांच्या विष्ठेत फॉस्फरस ७५ टक्क्यांपर्यंत कमी असे. २००१ साली ही माहिती प्रसिद्ध झाली तेव्हा मोठी चर्चा झाली. पण जनुक बदललेल्या डुकराचे मांस कोण खाणार, हा प्रश्न सुटला नाही. पैशाचा आधार तुटला आणि २०१२ साली हा कळप संपवण्यात आला. त्यांचे रेत मात्र गोठवून ठेवले गेले.

तेव्हा काम पुन्हा पोत्यातल्या १०० ग्रॅम चूर्णाकडे आले. अमेरिकेत चेसापीकच्या उपसागराचे पाणी बिघडू लागल्यावर मेरीलँड राज्याने १९९८ च्या कायद्याने कोंबड्यांच्या खाद्यात फायटेज सक्तीचे केले. परंतु नुसते विकर घालून पाणी शुद्ध होत नाही. हिशेबाच्या वहीत जितका फॉस्फरस सुटला तितके डीसीपी वजा करावे लागते. विकर तर घातले, पण ‘असू दे थोडे जास्त’ म्हणून डीसीपीचे माप तेवढेच ठेवले, तर कोंबडी आपल्या गरजेपुरताच फॉस्फरस ठेवून घेते आणि बाकीचा टाकून देते. मग विष्ठेतील एकूण फॉस्फरस कमी होत नाहीच, शिवाय त्यातील बराचसा आता कुलपातून मोकळा झालेला, पावसाच्या पाण्यात सहज विरघळून ओढ्याकडे जाणारा असतो.